डाव्या डोळ्याचा हुकूम

थोरलीने डाव्या डोळ्याची पापणी जराशी खाली आणली, की तिच्या हातात हुकमाचा एक्का आहे असं धाकटीने समजायचं. कान चोळला, की तो रंग माझ्याकडे नाही, उतरू नकोस. नाक खाजवलं, की बदाम. आणि बोटाने टेबलावर एकदाच टक्‌ केलं, की बाई, कवटाळून बसलेलं मोठं पान आता टाक, फार झालं.

या दोघी सख्ख्या जावा. लग्न होऊन एका घरात आल्या तेव्हापासून हा कारभार चालू. आधी नवऱ्यांना फसवलं. ते दोघे भाऊ साधे, आयुष्यभर हरत गेले आणि बायकांचं नशीबच भारी म्हणत म्हणत वर गेले. मग जावा दोघीच उरल्या. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दोन खुर्च्या, एक टीव्ही आणि त्याच्या रिमोटवरून भांडण. दुपारी मात्र एकी. दुपारी इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये रिटायर मंडळी जमायची, चौघा-चौघांची टेबलं लागायची, आणि तिथे थोरली-धाकटीची जोडी म्हणजे वाघीण आणि तिची सावली.

तर त्या दुपारी काय झालं, थोरलीच्या हातात नुसता कचरा आला होता. चौकटची दुर्री, तिर्री, किलवरचा एक उदास गुलाम. हुकमाचं पान औषधाला नाही. समोर धाकटी, आणि दोन्ही बाजूंना त्यांचे जुने वैरी. एका बाजूला दातकाढे. हे दातांचे डॉक्टर होते, आता स्वतःच्याच तोंडात कवळी घालून बसलेले. दुसऱ्या बाजूला हेडबाई. शाळा सोडून जमाना झाला, पण पत्ते वाटतानासुद्धा ‘सरळ बसा’ म्हणायच्या.

थोरली गप्प बसून आपल्या कचऱ्याकडे बघत होती. आणि धाकटीने एकदम, कसली शंका न घेता, हुकमाची राणी धाडकन टाकली. अशी टाकली, जशी मागे फौज उभी आहे.

हेडबाईंनी शांतपणे एक्का ठेवला. हात गेला. मग पुढचाही गेला. मग सगळंच गेलं.

जिन्यावर भांडण सुरू झालं ते तिसऱ्या मजल्यापर्यंत पुरलं.

“राणी काय टाकलीस? अक्कल गहाण ठेवलीस का?”

“तुम्हीच डोळा पाडलात, जाऊबाई!”

“मी? मी कशाला पाडू? माझ्याकडे दुर्री होती!”

“पाडलात. एकदा नाही, सारखा पाडलेला होता. मी म्हटलं, बापरे, एक्का तर आहेच, वर काय चार एक्के आहेत की काय!”

थोरलीने घरी येऊन आरशात पाहिलं. डावी पापणी बाहेरच्या कोपऱ्याकडे उतरली होती. भुरभुर वाऱ्यात पडदा अर्धा सुटावा तशी. तिने बोटाने वर केली, ती परत खाली आली. डोळ्याच्या वर, भुवईच्या हाडाखाली बोट लावलं, तर आत काहीतरी भरलेलं. मऊ नाही, दगडही नाही. रबरासारखं.

“मी नाही मारला,” थोरली आरशातूनच म्हणाली. “यानेच आपला आपण मारला.”

तसं ते सहा महिने थोडंथोडं चालू होतं, खेळात नडलं ते आजच; थोरलीने मनावर घेतलं नव्हतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. उलट तिला त्याची मजाच वाटायची. डोळा मिचकावल्यासारखा दिसायचा, त्यामुळे बेकरीवाला एक पाव जास्त टाकायचा. दुसऱ्या मजल्यावरचे विधुर काका तिला जिन्यात पाहून अत्तर लावायला लागले होते. आणि कोणी विचारलं, की डोळ्याला काय झालं, तर थोरलीची जीभ काय, उचलली आणि लावली टाळ्याला.

दूधवाल्याला तिने सांगितलं, मधमाशी चावली. साधी नव्हे, राणीमाशी. “मी तिला म्हटलं, असशील तू तुझ्या पोळ्याची राणी, माझ्या गॅलरीत मीच राणी आहे. तर चावली आणि राजीनामा देऊन गेली.” पोस्टमनला सांगितलं, लहानपणी सूर्याशी पैज लागली होती, आधी कोण डोळे मिटतं. सूर्याने मिटले. त्या दिवशी भरदुपारी अंधार झाला होता, जुन्या लोकांना विचारा. आता म्हातारपणी तो सूड घेतोय. लोक हसायचे, आणि थोरलीला लोक हसले की जेवल्यासारखं वाटायचं.

हसले नाहीत ते एकटे दातकाढे. दुसऱ्या दिवशी पत्ते पिसता पिसता ते थांबले.

“वहिनी, जरा उजेडात या बघू.”

“का हो? दात डोळ्यातून काढणार आहात का माझे?”

“थट्टा नको. मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघत आलो, पण तोंडावर काय चाललंय तेही थोडं कळतं. हे डोळा मारणं नव्हे. आत काहीतरी आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.”

डोळ्यांची डॉक्टरीण तरुण होती. केस घट्ट बांधलेले, हात गार, आणि हसू फक्त बाहेर जाताना देणारी. तिने थोरलीची पापणी उलटवली, छोटा दिवा आत मारला आणि म्हणाली, “हं.”

‘हं’ हा शब्द डॉक्टरांनी उच्चारला की पुढचा शब्द येऊ द्यायचा नाही, असं थोरलीचं मत होतं. म्हणून ती लगेच बोलायला लागली.

“कधीपासून आहे म्हणून विचारशील, तर सांगते. एका मांजराशी माझं वैर होतं...”

डॉक्टरीण पेन उघडून थांबली होती. मांजर गच्चीवर गेलं, तिथून पाइपावरून उतरलं, शेजारच्या बाईच्या टोपलीत शिरलं, तोवर ती थांबली. मग म्हणाली, “आजी, यातलं मी लिहू काय?”

“सहा महिने झाले असतील,” मागच्या खुर्चीवरून धाकटी म्हणाली.

“दुखतं?”

“दुखत असतं तर मी इतके दिवस गप्प बसले असते का बाळ?” थोरली म्हणाली.

“नाही बसला असता,” डॉक्टरीण म्हणाली, आणि पेन चालू झालं. मग तिने खुर्ची जवळ ओढली. “हे बघा. या बाहेरच्या कोपऱ्यात, हाडाखाली, अश्रू तयार करणारी ग्रंथी असते. ती वाढली आहे. आत गुलाबीसर मांस दिसतंय. नुसती सूज असेल. किंवा लिम्फोमा असेल.”

“म्हणजे काय?”

“रक्तात पांढऱ्या पेशी असतात, शरीराच्या पहारेकरी. त्यांचा कॅन्सर. बहुतेक वेळा तो मानेतल्या, काखेतल्या गाठींत दिसतो. पण पहारेकरी सगळीकडे फिरतात ना, म्हणून कधी कधी भलत्याच जागी मुक्काम टाकतात. पोटात, कातडीत, नाकात. कधी डोळ्यात.”

“म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं म्हण की.”

“असंच काहीसं. पण नक्की काय ते तुकडा काढून बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. मीपण नाही. औषधं काय चालू आहेत?”

“रक्तदाबाची एक गोळी. बाकी मी ठणठणीत.”

मागे धाकटीच्या छातीत बारीक शीळ वाजली. धाकटीला जुना दमा. वारं फिरलं, जिना चढला, भीती वाटली, की तिच्या छातीत बाजाची पेटी सुरू. कॅन्सर हा शब्द ऐकल्यापासून ती वाजत होती. थोरलीला ती ऐकू आली आणि तिने मुद्दामच मांजराची गोष्ट पुरी केली. डॉक्टरीण नको नको म्हणत असताना.

तुकडा काढायची तारीख पंधरवड्यानंतरची मिळाली. आणि त्याच्या दोन दिवस आधी हॉलमधल्या वार्षिक स्पर्धेची पहिली मोठी फेरी. जिंकणाऱ्याला कप मिळायचा. कप कसला, एक कान तुटलेला, आतून काळा पडलेला. पण तो हेडबाईंच्या कपाटात तीन वर्षं मुक्कामाला होता आणि जावांना तो परत हवा होता. आता अडचण अशी, की थोरलीचा डोळा चोवीस तास ‘एक्का, एक्का’ ओरडत होता. बोलीभाषाच बिघडली म्हटल्यावर दोघींनी बोलायचं कसं?

“दुसरा डोळा वापरते,” थोरली म्हणाली.

“उजवा मिटलात तर दोन्ही मिटतील. लोक म्हणतील म्हातारी गेली.”

त्या आठवड्यात थोरलीच्या सकाळच्या कॉफीला एक कडवट चव यायला लागली.

“कॉफी कडू का गं लागते?”

“वय झालं. जीभ कडू झाली तुमची.”

“माझी जीभ जन्मापासून कडू आहे, कॉफी आत्ता झालीय.”

पण गंमत बघा. चार दिवसांत डोळा उघडायला लागला. पापणी वर सरकली, आतलं रबर विरघळल्यासारखं झालं. आठव्या दिवशी तर थोरली आरशासमोर हवा तेव्हा डोळा मारत होती आणि हवा तेव्हा उघडत होती. तिने श्रेय कोणाला दिलं असेल? स्वतःलाच. दूधवाल्याला म्हणाली, “मी त्याला झापलं. म्हटलं, भाड्याने राहतोस माझ्या कपाळाखाली, आणि शटर बंद करतोस? दुसऱ्या दिवशी उघडलं.”

फेरी जिंकल्या. एक्का पडला, कान चोळले गेले, बदाम उतरले, सगळं जुन्या दिवसांसारखं.

दोन दिवसांनी डॉक्टरीण थोरलीचा डोळा बघून बुचकळ्यात पडली. “गेलं कुठे?” ती स्वतःशीच म्हणाली. तरी तिने पापणीच्या घडीत छोटासा छेद घेऊन, जागा बधिर करून, तुकडा काढला. आठवड्याने तपासणीचा निकाल आला. डॉक्टरिणीने कागद दोनदा वाचला.

“काहीच नक्की नाही. पेशी आहेत, पण मोडलेल्या, सुकलेल्या. तपासणारे म्हणतात, हे असं आहे जशी ओळखपरेड लावली आणि संशयित आधीच पळून गेले. सूज असावी बहुतेक. वाट बघू.”

धाकटीने इतका मोठा सुस्कारा टाकला, की टेबलावरचे कागद हलले. येताना तिने रस्त्यातच थोरलीला गरम कणीस घेऊन दिलं, स्वतःहून. थोरलीला तेव्हाच संशय यायला हवा होता. धाकटी स्वतःहून काही घेऊन देणाऱ्यातली नव्हे.

कॉफी पुन्हा गोड झाली. आणि दोन महिन्यांत डोळा परत आला. आला तो आधीपेक्षा तोऱ्यात. पापणी निम्म्याहून खाली, भुवईखाली फुगा, आणि आता डोळा किंचित खाली ढकलल्यासारखाही दिसत होता. जिन्यात विधुर काकांनी अत्तराची बाटली बदलली.

दुसऱ्यांदा तुकडा काढायचं ठरलं. तोवर उपांत्य सामना आला. कॉफी कडू झाली. डोळा उघडला. सामना जिंकल्या. पण या वेळी एक नवीन गोष्ट थोरलीच्या कानावर आली. धाकटीची बाजाची पेटी थांबतच नव्हती. आधी तिसऱ्या मजल्यावर वाजायची, मग दुसऱ्यावर वाजायला लागली, मग पहिल्याच वळणावर ती कठडा धरून उभी.

“औषध घेतेस ना?”

“घेते.”

“मग एवढी का वाजतेस?”

“हवा बदलली.”

हवा काही बदलली नव्हती.

तुकड्याच्या दिवशी डॉक्टरिणीने थोरलीला टेबलावर घेतलंच नाही. समोर बसवलं. बाजूला धाकटीला बसवलं. दार लावलं.

“आजी, आज मला गोष्ट नको. मला एकच सांगा. ही गाठ येते आणि मी हत्यार हातात घेतलं की जाते. गाठी लाजाळू नसतात. लिम्फोमा असेल तर मात्र एक औषध असं आहे, की त्याने तो थोडे दिवस बर्फासारखा विरघळतो. स्टेरॉइड. तो बरा होत नाही, नुसता लपतो. मग तुकड्यात काही सापडत नाही, आम्ही म्हणतो काही नाही, आणि तो आतल्या आत वाढत राहतो. तुम्ही कुठली गोळी घेतलीत का? सांधेदुखीची, दम्याची, कोणी दिलेली पुडी?”

“नाही गं बाळ. शपथ.”

“तुमच्या शपथेवर मी काय विश्वास ठेवू? मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत, मांजराने तुमची माफी मागितली.”

“मागितली होती!”

डॉक्टरिणीने कपाळाला हात लावला. आणि थोरलीला पहिल्यांदाच कसंतरी झालं. ती खरं बोलत होती. जन्मात एकदा साधं, बिनफोडणीचं खरं बोलत होती, आणि ते विकलं जात नव्हतं. तिने साक्षीदार शोधायला बाजूला पाहिलं.

धाकटी कान चोळत होती.

हळूच, दोन बोटांत धरून, उजवा कान. तो रंग उतरू नकोस. तो रंग उतरू नकोस, जाऊबाई. तिला स्वतःलाही कळत नव्हतं ती काय करतेय, हात सवयीने गेला होता. आणि तिच्या छातीतली शीळ स्पष्ट ऐकू येत होती.

थोरलीने त्या कानाकडे पाहिलं. मग शीळ ऐकली. मग कडू कॉफी आठवली, गरम कणीस आठवलं. इतक्या वर्षांत या बाईच्या हातातलं पान तिला कधी चुकलं नव्हतं, आताही चुकलं नाही. दम्याच्या त्या बारीक पांढऱ्या गोळ्या. स्वतःच्या तोंडातल्या काढून माझ्या कपात. आणि मला कळू दिलं नाही, कारण मी गावभर सांगितलं असतं.

थोरलीला ओरडता आलं असतं. दहा पिढ्यांचा उद्धार करता आला असता. तिने तसं काही केलं नाही. तिने डॉक्टरिणीच्या टेबलावर एका बोटाने टक्‌ केलं.

एकदाच.

धाकटीचा हात कानावरून खाली आला. तिने पर्स उघडली, आतली छोटी डबी काढली आणि टेबलावर ठेवली. हुकमाची राणी ठेवली होती तशी नव्हे. अगदी हळू.

“माझ्याच आहेत,” ती म्हणाली. “दमा फार झाला की डॉक्टर देतात. मला माहीत होतं, सूज उतरते. आधी खेळासाठी दिल्या. खरंच खेळासाठी. पण तुम्ही म्हणालात तो शब्दही डोक्यातून जाईना. मी म्हटलं, कापायच्या आधीच गेलं तर? नसलेलं कसं कापतील? आणि गेलं की हो! कागदावर काही नाही आलं. मला वाटलं, मी बरं केलं जाऊबाईंना.” मग तिला रडू फुटलं, आणि रडण्यात दमा मिसळला, आणि असा काही आवाज झाला की बाहेरून नर्स धावत आली.

डॉक्टरिणीने आधी धाकटीला वाफारा दिला. मग रागावली. चांगली रागावली. दोघींनाही, म्हणजे कॉफी पिणारीलासुद्धा. दुसऱ्याचं औषध दुसऱ्याला देणं म्हणजे काय, स्वतःचं बंद करणं म्हणजे काय, सगळं ऐकवलं. धाकटी वाफाऱ्याच्या मास्कमागे माना हलवत होती.

“रडू नकोस,” थोरली तिला म्हणाली. “माझी रडायची ग्रंथीच बिघडलीय. माझ्या वाट्याचंही तूच रडत बसलीस तर श्वास कधी घेणार?”

“आता काय करायचं?” धाकटीने विचारलं.

“आता काहीच करायचं नाही,” डॉक्टरीण म्हणाली. “गोळी बंद. गाठ परत येऊ दे. पूर्ण येऊ दे. मग मी तिला पकडते.”

असं आयुष्यात प्रथमच झालं असेल, की एखादी बाई रोज सकाळी आरशासमोर उभी राहून रोगाची वाट बघतेय. “ये बाबा,” थोरली पापणी उचलून म्हणायची. “लाजू नकोस. कॉफी गोड आहे.” मस्करीच करायची, पण बोट भुवईखाली न्यायला उशीर लावायची. यायलाही हवा होता, आणि येऊही नये असं वाटत होतं. स्वयंपाकघरातून धाकटी विचारायची, “आला?” आणि थोरली म्हणायची, “अजून प्रवासात आहे.” त्या दिवसांत थोरलीने दूधवाल्याला एकही गोष्ट सांगितली नाही. त्याने आपणहून विचारलं, आज राणीमाशी नाही का आली? तर म्हणाली, नाही रे, आज मी दूधच घेते.

मग आला. पुरता आला. पापणी दाराला कुलूप लावावं तशी बंद. तुकड्याची तारीख सोमवारची ठरली, आणि रविवारी अंतिम सामना. समोर अर्थातच दातकाढे आणि हेडबाई.

“माघार घेऊ,” धाकटी म्हणाली. “तुमचा डोळा असा. काही कळायचं नाही.”

“तोंडं बघून खेळू.”

“खूणच नाही तर कसं खेळायचं?”

“जसं जग खेळतं. हातात आहे त्यावर.”

बसल्या. आणि खेळ असा विचित्र झाला, की हॉलमधल्या बाकीच्या टेबलांनी पत्ते ठेवून भोवती कोंडाळं केलं. जावा आपल्या नाकासमोर बघून खेळत होत्या, चुका करत होत्या, एकमेकींवर डोळे वटारत होत्या, म्हणजे उपलब्ध असलेले तीन. पण त्यांच्याहून जास्त चुका हेडबाई करत होत्या. हुकमाचा राजा हातात असून ठेवेनात. घाम पुसायच्या, थोरलीच्या बंद डोळ्याकडे बघायच्या, आणि राजा मागे सरकवून छोटं पान टाकायच्या. दर वेळी. शेवटच्या हातापर्यंत राजा त्यांनी पिल्लासारखा पोटाशी धरला, आणि शेवटी धाकटीच्या एक्क्याखाली तो अलगद सापडला.

हेडबाई ताडकन उभ्या राहिल्या. “हे कसं? एक्का तुमच्याकडे होता!” बोट थोरलीकडे.

“माझ्याकडे?” थोरली म्हणाली. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“दुखण्याच्या आडून सगळा वेळ तर डोळा...” आणि हेडबाई थांबल्या.

दातकाढे छताकडे बघायला लागले.

“किती वर्षांपासून?” धाकटीने विचारलं.

हेडबाई सरळ बसल्या. “पहिल्या वर्षापासून,” त्या म्हणाल्या. “शाळेत चाळीस पोरं कॉपी करायची माझ्यासमोर. तुम्ही दोघी कोण लागून गेलात?”

कप जावांकडे आला. कोणी तक्रार कशी करणार? चोरावर मोर होते ते चोराचं नाव कसं घेणार? थोरलीने कप दोन्ही हातांनी घरी नेला आणि सोमवारी दवाखान्यातही बरोबर नेला. बरं आहे, म्हणाली, तुकडा ठेवायला भांडं लागलं तर.

या वेळी तुकडा बोलला. आठवड्याने डॉक्टरिणीने दोघींना समोर बसवलं. “सगळे सापडले. पेशींना वेगवेगळे रंग लावून ओळख पटवली. लिम्फोमाच आहे.”

थोरलीने तोंड उघडलं. गोष्ट आली नाही. मांजर नाही, माशी नाही, सूर्य नाही. तोंड तसंच उघडं राहिलं. धाकटीने टेबलाखालून तिचा हात धरला. ही खूण त्यांच्या यादीत नव्हती.

“पण मंद जातीचा,” डॉक्टरीण घाईघाईने म्हणाली. “सगळ्या अंगाची तपासणी करू, अजून कुठे नाही ना ते पाहू. एकट्या डोळ्यातच असेल तर थोडे किरण द्यायचे, आणि बहुतेक वेळा तो ऐकतो. डोळा थोडा कोरडा होईल, थेंब घालावे लागतील.”

“मंद म्हणजे किती मंद?” थोरलीने विचारलं.

“खूप.”

“म्हणजे हिच्यासारखा. जिना चढायला अर्धा दिवस.”

“बघा, बोलल्या!” धाकटी म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

अंगात दुसरीकडे कुठे नव्हता. किरण झाले. दोन-तीन महिन्यांत पापणी आपल्या जागी गेली आणि राहिली. धाकटी आपल्या गोळ्या आपल्याच तोंडात घालायला लागली, आणि थोरली रोज सकाळी तिच्यासमोर उभी राहून ती गिळेपर्यंत बघायची. “तोंड उघड. जीभ वर कर. तुझा भरवसा नाही.”

हॉलमध्ये मंडळींनी थोरलीला घेरलं. डोळा कसा बरा झाला? आणि थोरलीने ठरवलं, या वेळी खरं सांगायचं. पहिल्यापासून सगळं सांगितलं. रडायच्या ग्रंथीत कॅन्सर, म्हणजे पहारेकरीच चोर. तो दम्याच्या गोळीने कॉफीत विरघळला, तुकड्यातून पळाला, मग त्याला गोड कॉफी पाजून परत बोलावला आणि पकडला.

मंडळी पोट धरून हसली. विधुर काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “कॅन्सर आणि डोळ्यात! कॉफीत विरघळला म्हणे! राणीमाशीची जरा तरी खरी वाटत होती.”

“खरं आहे हो,” धाकटी म्हणाली. “मी होते तिथे.”

“तुम्ही तर त्यांच्याच पार्टनर!”

थोरलीने दातकाढ्यांकडे पाहिलं. यांना तरी माहीत होतं, यांनीच पाठवलं होतं. दातकाढ्यांनी गंभीर चेहरा केला, आणि हळूच दोन बोटांनी कान चोळला.

थोरली हसली. इतकी हसली, की उजव्या डोळ्यातून धार लागली आणि डावा कोरडाठाक बघत राहिला. धाकटीने पर्समधून थेंबांची बाटली काढली.

“मान वर करा.”

“आधी पत्ते वाट.”

“आधी डोळा,” धाकटी म्हणाली, आणि तिची मान धरून वर केली.